पहिल्या नंबरचा आठवडा

सोमवार, ८ एप्रिल २०२४

नरिता विमानतळावरून निशी-कासाईला पोचेपर्यंत दिवेलागण झाली. तोक्योच्या पूर्वेकडच्या एदोगावा भागातली ही वस्ती म्हणजे इथल्या भारतीयांचं माहेरच. माझा मावसभाऊ इथे बारा वर्षं राहतोय. इमारतीच्या लिफ्टमध्ये शिरले तर आत कुणीतरी फोनवर मराठीत "अगं, पण पुरण शिजलं का?" असं विचारत होतं. उद्या पाडवा आहे, हे मला तिथे खऱ्या अर्थाने जाणवलं.

पण मी पाडव्यासाठी आले नव्हते. मी आले होते एका अल्बमसाठी.

२००० साली मी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकत होते. आमच्या सेन्सेई सुट्टीवरून परतल्या तेव्हा त्यांनी वर्गात एक कॅसेट वाजवली. उतादा हिकारू या जपानी गायिकेचा 'फर्स्ट लव्ह'. ती कॅसेट मी मागून घेतली, कोऱ्या कॅसेटवर उतरवली, गाण्यांचे शब्द वहीत लिहिले आणि प्रत्येक कांजीच्या, म्हणजे जपानी चित्राक्षराच्या, डोक्यावर पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहून काढले. माझं अर्धं जपानी त्या वहीतून आलंय. टेप पुढे ताणली गेली, मग तुटली. मूळ सीडी मात्र मी कधी हातातही घेतली नव्हती. ती जपानमध्येच जाऊन घ्यायची, असं तेव्हापासून मनात होतं.

हा अल्बम १० मार्च १९९९ ला आला. गाणारी मुलगी सोळा वर्षांची होती. जपानमध्ये ७६ लाखांहून अधिक प्रती खपल्या, आणि आजपर्यंत तिथे दुसऱ्या कुठल्याच अल्बमला तो आकडा ओलांडता आलेला नाही. तेव्हाची लोकसंख्या बघता दर सोळा-सतरा माणसांमागे एक प्रत होते. त्यात तान्ही बाळं आली आणि आजोबा-आजीही आले.

आठवडा मी मुद्दाम निवडला होता. बुधवारी, १० तारखेला, उतादाचा 'सायन्स फिक्शन' हा पंचवीस वर्षांतल्या गाण्यांचा संग्रह येणार होता. जपानमध्ये विक्रीचा चार्ट मोजते ती ओरिकॉन नावाची कंपनी. आपल्याकडे बिनाका गीतमालेच्या पायदानांवरून घराघरांत जसे वाद व्हायचे, तसे तिथे ओरिकॉनवरून होतात. तिचा आठवडा सोमवारी सुरू होतो आणि रविवारी संपतो. माझं परतीचं विमान रविवारी रात्रीचं होतं. म्हणजे माझी सहल आणि चार्टचा आठवडा एकच.

मंगळवार, ९ एप्रिल

पहाटेपासून वादळी पाऊस. वहिनीने कपडे वाळत घालायच्या काठीलाच गुढी बांधली. मी पुण्याहून साखरेच्या गाठी नेल्या होत्या, कडुनिंबाची पावडर तिच्या डब्यात होती. बाल्कनीत वारा इतका की गुढीचं वस्त्र दोनदा सुटलं. शेवटी भावाने गुढी दाराच्या आत घेतली आणि काचेतून बाहेरचं आभाळ दाखवलं. तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजी दरवर्षी या दिवशी वर येऊन गुढी बघून जातात. आजही आल्या, श्रीखंड अगदी थोडं घेतलं, दोन्ही हातांनी वाटी धरून.

दुपारी शिबुयाला निघाले. निशी-कासाईहून तोझाई लाईन, कुदानशिताला उतरून हानझोमोन लाईन. मंगळवारच का, तर जपानमध्ये नव्या सीडीचा अधिकृत दिवस बहुतेक वेळा बुधवार असतो, पण माल दुकानात आदल्या दिवशी पोचतो आणि दुपारपासून मांडला जातो. आदल्या दिवशीच प्रत हातात पाडून घेणं याला तिथली मुलं 'फुरागे' म्हणतात. मलाही फुरागे करायचं होतं.

शिबुयाचं टॉवर रेकॉर्ड्स या जागेत १९९५ पासून आहे. अख्खी इमारत गाण्यांची, पिवळ्या-लाल पाटीची. ज्या अमेरिकेत ही कंपनी जन्मली तिथली तिची दुकानं २००६ मध्ये बंद पडली. जपानची शाखा त्याआधीच स्वतंत्र झाली होती, म्हणून ती वाचली. आत शिरताच छत्र्यांचं पाणी, ओल्या कोटांचा वास आणि समोरच नव्या अल्बमचा ढीग. बाजूला दुकानातल्या माणसांनी हाताने लिहिलेली पुठ्ठ्याची पत्रं: हे गाणं ऐका, का ऐका, कुठल्या सेकंदाला लक्ष द्या. मला ही पद्धत फार आवडते. गाणं विकणाऱ्याने ते ऐकलेलं आहे, याची ती सहीच असते.

किमतीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. जपानमध्ये नव्या सीडीची किंमत कंपनी ठरवते आणि दुकानदाराला ती पाळावी लागते. पुस्तकांनाही हाच नियम आहे. त्यामुळे शिबुयातल्या नऊ मजल्यांच्या दुकानात आणि एखाद्या गावच्या छोट्या दुकानात नवा अल्बम सारख्याच किमतीला मिळतो. म्हणून तिथे गावोगावची सीडीची दुकानं इतकी वर्षं टिकली, असं मला वाटतं.

माझी प्रत घेतली. काउंटरवरच्या मुलीने ती दोन्ही हातांनी दिली. स्कॅनरचा 'पीप' वाजला आणि वाटलं, या आठवड्याच्या आकड्यात आता मी पण आहे.

बुधवार, १० एप्रिल

लख्ख ऊन. कुदानशिताला मुद्दाम बाहेर पडले. कालच्या वादळाने चिदोरीगाफुचीच्या खंदकात साकुराच्या, म्हणजे चेरीच्या फुलांच्या, पाकळ्यांचा गालिचा पसरला होता. पाण्यावर तरंगणाऱ्या या थरासाठी जपानीत 'हानाइकादा' असा शब्द आहे, म्हणजे फुलांचा तराफा. तासभर तिथेच बसले.

शिबुयाच्या चौकातलं त्सुताया हे मोठं दुकान नूतनीकरणासाठी बंद होतं. वरच्या प्रचंड पडद्यावर जाहिराती चालू होत्या, खाली पत्रे लावलेले. या चौकात मला आठवण झाली २८ मार्च २००१ ची, जी मी पुण्यात बसून फक्त वाचली होती. त्या दिवशी उतादाचा 'डिस्टन्स' आणि हामासाकी आयुमी या गायिकेचा 'ए बेस्ट' एकाच वेळी दुकानात आले. पहिल्या आठवड्यात 'डिस्टन्स' ३० लाख, 'ए बेस्ट' सुमारे २८ लाख ७० हजार. दुसरा नंबर आलेल्या अल्बमने जे विकलं, ते बहुतेक देशांतल्या पहिल्या नंबरांना आयुष्यभरात जमत नाही. दोघींची भांडणं लावायला सगळे टपलेले होते, पण दुकानात गेलेल्या पुष्कळ लोकांनी दोन्ही घेतले, एवढं साधं गणित त्या आकड्यांत दिसतं.

तो काळ शिखराचा होता. १९९८ मध्ये जपानमधल्या ध्वनिमुद्रिकांचं उत्पादन मूल्य आपल्या हिशेबात ६० हजार कोटी येनांहून जास्त होतं. त्यानंतर उतार लागला. आता एकेकाने अनेक प्रती घेण्यावर चार्ट बराच उभा असतो. वेगवेगळी मुखपृष्ठं, आत सोडतीची चिठ्ठी. आज टॉवरच्या बाहेर एक मुलगी एकाच बॉय बँडच्या चार प्रती पिशवीत नीट लावत होती. तिला नावं ठेवणं मला जमणार नाही. आराशी या पाच जणांच्या गटाचा वीस वर्षांचा संग्रह २०१९ मध्ये जगात सर्वांत जास्त खपला, ३३ लाख प्रती, आणि त्यातली बहुतेक सगळी खरेदी एकाच देशातली. निरोप घेणाऱ्या माणसांसाठी लोकांनी केलेली ती रांग होती.

गुरुवार, ११ एप्रिल

आजचा दिवस आईचा. उतादाच्या आईचा.

फुजी केइको ही एन्का गाणारी. एन्का म्हणजे विरह, दारू, बंदर, पाऊस. आवाजात कंप आणि गळ्यात हुंदका. केइकोचे आई-वडील गावोगाव फिरून गाणारे कलाकार, आई अंध. मुलगी होक्काइदोच्या थंडीत वाढली आणि १९६९ मध्ये 'शिंजुकू नो ओन्ना', तोक्योतल्या शिंजुकूची बाई, हे गाणं घेऊन पुढे आली. ओरिकॉनने एलपींचा चार्ट १९७० च्या जानेवारीत सुरू केला. त्याच वसंतात अठरा वर्षांच्या केइकोचा पहिला एलपी पहिल्या नंबरावर गेला आणि वीस आठवडे हलला नाही. त्याला खाली उतरवलं ते तिच्याच दुसऱ्या एलपीने, तो सतरा आठवडे. सलग ३७ आठवडे! जवळजवळ चैत्र ते मार्गशीर्ष, एका मुलीचा आवाज सगळ्यात वर. जपानी चार्टच्या इतिहासात मला याहून मोठी गोष्ट दिसत नाही, ७६ लाखांचा आकडा जमेस धरूनसुद्धा.

शिंजुकूत 'गोल्डन गाई' नावाच्या बारच्या वस्तीतल्या चिंचोळ्या गल्ल्या दिवसा झोपलेल्या असतात. तिथून पुढे चालत चालत निशिमुकी तेनजिन या देवळात गेले. नावाचा अर्थच पश्चिमेकडे तोंड असलेला तेनजिन, म्हणजे विद्येचा देव. झाडाखाली, उंचवट्यावर, गर्दीपासून अगदी दहा-पंधरा मिनिटांवर. तिथे 'शिंजुकू नो ओन्ना' या गाण्याचा दगडी स्मृतिस्तंभ आहे. फसवल्या गेलेल्या, रात्रीच्या दुकानांत काम करणाऱ्या बाईचं हे गाणं, आणि त्याचा दगड विद्येच्या देवाच्या अंगणात. दगडावर ओल्या पाकळ्या चिकटल्या होत्या. कुणीही नव्हतं. मी ते गाणं हळू आवाजात म्हटलं, मला येतं तेवढं.

केइको २०१३ मध्ये याच शिंजुकूत गेली. तीन वर्षांनी उतादाचा 'फँतोम' आला, आईला वाहिलेला, आणि तोही पहिल्या नंबरावर गेला. तो मी पुण्यात रात्री दिवे घालवून ऐकला होता.

दुपारी जुन्या रेकॉर्डींच्या दुकानात. शिंजुकूत डिस्क युनियनची कितीतरी दुकानं आहेत, प्रत्येक मजल्यावर वेगळी जात: जॅझ, रॉक, जुनी जपानी गाणी. खोक्यांत उभ्या लावलेल्या रेकॉर्डी बोटांनी सरकवत बघायच्या. या खोक्यांना संग्राहक 'एसाबाको' म्हणतात, चाऱ्याची पेटी. चारा टाकलाय आणि आम्ही चरतोय!

तिथे एक गोष्ट लक्षात यायला लागली. ताकेउची मारियाचा १९८४ चा 'व्हरायटी' भिंतीवर, प्लास्टिकच्या वेष्टनात, चांगल्या किमतीला. तो तेव्हा पहिल्या नंबरावर गेला होता, पण भिंतीवर आहे तो त्यातल्या 'प्लास्टिक लव्ह'मुळे. आता जगभरची मुलं ते शोधत येतात. ओताकी एइइचीचा 'अ लाँग व्हेकेशन', निळ्या जलतरण तलावाच्या मुखपृष्ठाचा, तोही मानाच्या जागी. १९८१ मध्ये हा अल्बम दुसऱ्या नंबरपर्यंतच पोचला. पुढच्या वर्षी १ ऑक्टोबरला जगातल्या पहिल्या सीडी जपानमध्ये विक्रीला आल्या, त्या पहिल्या पन्नास नावांत तो होता. आणि त्याच १९८१ मध्ये सोळा लाख प्रती खपलेला तेराओ आकिराचा 'रिफ्लेक्शन्स' कुठे होता? खाली, जमिनीवरच्या खोक्यात. एक नव्हे, सहा प्रती. त्याच्याच मागे इनोउए योसुईचा 'कोओरी नो सेकाई', जपानमध्ये दहा लाख खपलेला पहिला एलपी. आणि त्याच्या मागे फुजी केइको. ३३० येन. एका चहाच्या किमतीहून कमी.

मला आत कुठेतरी लागलं. ३७ आठवडे, आणि ३३० येन. मी तो एलपी घेतला, कागदी वेष्टनावरची धूळ ओढणीने पुसली.

शुक्रवार, १२ एप्रिल

समुद्राचा दिवस. योकोहामाच्या पुढे नेगिशी स्टेशनला उतरून चढण चढले. वर 'डॉल्फिन' नावाचं रेस्टॉरंट आहे. मात्सुतोया युमी, जिला सगळा जपान युमिंग म्हणतो, तिच्या १९७४ च्या एका गाण्यात हे ठिकाण येतं: बसलेली मुलगी सोडा वॉटरच्या ग्लासातून मालवाहू जहाज जाताना बघते. मी सोडा मागवला आणि ग्लास डोळ्यांसमोर धरला. आज दिसतात त्या तेलाच्या टाक्या आणि मध्ये समुद्राची एक पट्टी. तरी शेजारच्या टेबलावरच्या साठीच्या दोघी मैत्रिणीसुद्धा तेच करत होत्या. आम्ही एकमेकींकडे बघून हसलो.

ते गाणं ज्या अल्बममध्ये आहे तो पहिला आला नव्हता. पण १९७६ पासून युमिंग पहिली येत राहिली, ती थेट २०२२ पर्यंत. सत्तरचं दशक, ऐंशी, नव्वद, मग पुढची तीन: सहाही दशकांत पहिल्या नंबरचा अल्बम असलेली ती पहिली गायिका. हाचिओजीच्या किमोनो विकणाऱ्या घरातली मुलगी. आमच्या लतादीदी-आशाताईंच्या हयातभराच्या गाण्याशी याची तुलना करावीशी वाटते, पण युमिंग स्वतःची गाणी स्वतः लिहिते, तेव्हा ही जात वेगळी.

मग रेल्वेने चिगासाकी. फलाटावर गाडी सुटताना वाजते ती सदर्न ऑल स्टार्सच्या गाण्याची धून. या बँडचा गायक कुवाता केइसुके इथलाच. समुद्रकिनाऱ्याचं अधिकृत नावही 'सदर्न बीच'. लांब पाण्यात टोपीसारखा एबोशी खडक दिसतो, त्यांच्या १९८२ च्या 'चाको नो काइगान मोनोगातारी' या गाण्यात तो आहे. १९९८ च्या उन्हाळ्यात आलेला त्यांचा 'उमी नो येह' हा संग्रह तीस लाखांच्या वर गेला. वाळूवर बसून तोच ऐकला. वारा गार होता, किनाऱ्यावर कुत्री फिरवणारे आणि दोन सर्फर, बस्स.

शनिवार, १३ एप्रिल

तोझाई लाईनच्या काही गाड्या निशी-कासाईहून थेट मिताकापर्यंत जातात. मिताकाला जायचं कारण: १९८० मध्ये जपानमधलं पहिलं रेकॉर्ड भाड्याने देणारं दुकान इथे सुरू झालं, एका विद्यार्थ्याने काढलेलं. एलपी भाड्याने न्यायचा, घरी कॅसेटवर उतरवायचा, परत आणून द्यायचा. बघता बघता देशभर अशी दुकानं झाली. रेकॉर्ड कंपन्या हादरल्या, १९८४ मध्ये कायदा बदलला आणि भाड्यातला वाटा गाणाऱ्यांना मिळू लागला. ते दुकान आता नाही. मी नुसती स्टेशनभोवती फिरले. पण भाड्याने नेलेली रेकॉर्ड चार्टमध्ये मोजली जात नाही, हे तिथे चालताना मनात घोळत राहिलं. सेन्सेईंची कॅसेटही कुणी मोजली नाही. माझी तर नाहीच नाही.

परतताना वाटेत एका उपनगरात बुकऑफ दिसलं, जुनी पुस्तकं-सीडींचं. सगळ्यात स्वस्त कप्प्यात, 'उ' अक्षराखाली, 'फर्स्ट लव्ह'. मोजल्या: अकरा प्रती. प्रत्येकी ११० येन.

चोवीस वर्षं जिची वाट बघितली ती वस्तू पन्नास-साठ रुपयांना, आणि अकरा. आधी परवाच्यासारखंच वाईट वाटलं. मग एकेक बाहेर काढून बघायला लागले. एकीच्या कडेला चीर. एकीवर भाड्याच्या दुकानाचा शिक्का खरवडलेला. एकीत पुस्तिकाच नाही. एकीच्या पुस्तिकेचं पान दुमडून दुमडून कापडासारखं मऊ झालेलं. या सगळ्या कुणाच्या तरी घरात होत्या. अकरा घरं, एका उपनगरातल्या एका दुकानाच्या एका कप्प्यात. जी गोष्ट घरोघरी पोचली तीच घराघरांतून इथे येणार ना? दुर्मीळ ते भिंतीवर टांगलं जातं, पण जमिनीवरच्या खोक्यात ढिगाने सापडतं ते सगळ्यांनी ऐकलेलं असतं.

आठवी प्रत उघडली आणि तिथेच खाली बसले. पुस्तिकेतल्या इंग्रजी ओळींच्या डोक्यावर कुणीतरी पेन्सिलीने, बारीक अक्षरात, काताकाना या जपानी लिपीत उच्चार लिहिले होते. शब्दाशब्दावर. मी पुण्यात जपानी शब्दांवर देवनागरी लिहीत होते, त्याच सुमारास इथली कुणी मुलगी इंग्रजी शब्दांवर काताकाना लिहीत होती. एका ठिकाणी तिने खोडून परत लिहिलं होतं. मीही त्याच गाण्यात अडखळायची.

तीच घेतली.

रविवार, १४ एप्रिल

भाचीला सीडी दाखवली. ती नऊ वर्षांची. "आत्या, हिला लावायचं कुठे?" घरात काहीच नव्हतं. भावाच्या लॅपटॉपलाही खाच नाही. शेवटी भाचीच खाली धावली आणि तळमजल्यावरच्या आजींना, त्यांच्या सीडी-कॅसेट रेडिओसकट, वर घेऊन आली. याला इथे 'राजिकासे' म्हणतात. आजींनी झाकण उघडलं, सीडी ठेवली, कान देऊन ऐकली.

"केइकोचानची लेक ना ही?" त्या म्हणाल्या.

त्यांच्यासाठी उतादा हिकारू अजून केइकोची लेकच होती. मी बॅग उघडून एलपी काढला. आजींनी मुखपृष्ठावरच्या मुलीकडे खूप वेळ बघितलं. १९७० मध्ये त्या अकिताहून तोक्योला कारखान्यात कामाला आल्या होत्या, एका खोलीत सहा जणी. रेडिओवर हेच लागायचं. सहाही जणींना पाठ होतं. एलपी घेण्याइतके पैसे मात्र कुणाकडेच नव्हते.

विमानाला अजून पाच तास होते. आजींनी एलपी परत द्यायला हात पुढे केला, तेव्हा मी तो घेतला नाही. पाडव्याला आमच्याकडे मोठ्यांना काहीतरी देतात, असं सांगितलं. त्यांच्याकडे रेकॉर्ड वाजवायला यंत्र नाही, त्या स्वतःच म्हणाल्या. तरी खाली जाऊन त्यांनी टीव्हीशेजारची फुलदाणी उचलून दुसरीकडे ठेवली आणि त्या जागी केइकोला भिंतीला टेकवून उभं केलं, तोंड खोलीकडे करून.